'नागीण निघाली' आणि 'विषाणू शिरला' : विषाणुविज्ञानाच्या मराठी भाषेची समीक्षा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. अमुक इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता, तो संस्कृतातून घ्यावा की बोलीतून उचलावा, तो सुटसुटीत आहे की बोजड आहे, या प्रश्नांचा आपण पुष्कळ ऊहापोह केला आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि त्यानंतर निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले, ही त्या ऊहापोहाची मोलाची फळे होत. तथापि शास्त्र हे केवळ पदार्थांची नावे सांगत नाही. पदार्थांच्या ठायी काय घडते ते सांगते, आणि घडणे हा क्रियापदाचा विषय होय. नाम अचूक असूनही क्रियापद चुकीचे असेल, तर वाक्य खोटेच ठरते. उलट, नाम गावंढळ असूनही क्रियापद नेमके असेल, तर त्या वाक्यात सत्याचा काही अंश शिल्लक राहतो.

प्रस्तुत निबंधात हे प्रतिपादन एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे. हर्पीज कुळातील विषाणू पेशीत प्रवेश कसा करतात, आणि त्या कामी त्यांच्या बाह्य आवरणातील प्रथिने कोणते कार्य करतात, हा विषय गेल्या काही दशकांत बराच उलगडला आहे. तो मराठीत सांगताना आपण जी भाषा वापरतो ती विषयाशी कितपत प्रामाणिक राहते, हा येथील प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक जीवशास्त्राचा अभ्यासक नव्हे, भाषाविज्ञानाचा आहे. यास्तव विषाणूविषयीचे विधान येथे शास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध निष्कर्षांपलीकडे जाणार नाही. भाषेविषयीचे विधान मात्र स्वतःच्या जबाबदारीवर केले आहे.

विषयाची निवड आकस्मिक नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावी अध्यापन करीत असताना पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने एकदा विचारले होते, "सर, विषाणूला हात नाहीत, पाय नाहीत, मग तो शिरतो म्हणजे नेमकं काय करतो?" प्रश्न वरवर बाळबोध वाटतो. वस्तुतः तो व्याकरणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत सहजासहजी सापडत नाही.

२

प्रथम लोकभाषेकडे वळू. ज्या रोगास वैद्यक 'हर्पीज झोस्टर' म्हणते त्यास मराठी माणूस 'नागीण' म्हणतो. आमच्या वऱ्हाडीत तीच 'नागीन' होते. अंगाच्या एका बाजूस, बहुधा छातीवर वा कमरेवर, पाणी भरलेल्या पुळ्यांचा पट्टा उठतो आणि तो वळसा घेत पुढे सरकतो. त्या आकारावरून हे नाव पडले, हे उघड आहे.

या नावाचे नाते मात्र दूरवर पोहोचते. 'हर्पीज' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेला आहे. ग्रीकमध्ये मूळच्या आद्य सकाराचा हकार होतो. संस्कृत 'सप्त' आणि ग्रीक 'हेप्ता' ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच नियमाने ग्रीकमधील हे क्रियापद आणि संस्कृत 'सृप्' हा धातू एकाच मुळाचे ठरतात. 'सर्प' हा शब्द त्या धातूपासून झाला, आणि चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्वचेवर पसरणाऱ्या रोगास जे 'विसर्प' हे नाव दिलेले आहे तेही त्यापासूनच झाले. आजचे वैद्यक विसर्प आणि नागीण यांना एक मानीत नाही, हे लक्षात ठेवावे. येथे प्रश्न रोगाच्या ओळखीचा नसून नाव ठेवण्याच्या दृष्टीचा आहे. 'झोस्टर' या ग्रीक शब्दाचा अर्थ कमरपट्टा असा आहे. म्हणजे ग्रीक वैद्य, प्राचीन भारतातील संहिताकार आणि मेहकर तालुक्यातील शेतकरी या तिघांनीही त्वचेवर दिसणारी गती पाहिली आणि तिला सरपटण्याचे नाव दिले.

आता नामाच्या जोडीला येणारे क्रियापद पाहा. 'नागीण निघाली' असे आपण म्हणतो; वऱ्हाडीत 'नागीन निंगाली' असे ऐकू येते. 'गोवर निघाला', 'कांजिण्या निघाल्या' हे प्रयोगही याच जातीचे. 'निघणे' या क्रियापदास अपादानाची अपेक्षा असते. जे निघते ते कोठून तरी निघते, आणि ते 'कोठून' म्हणजे शरीराचे अंतरंग, अशी बोलणाऱ्याची समजूत त्यात गृहीत आहे.

ही समजूत नागिणीच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू आणि पुढे नागीण आणणारा विषाणू हा एकच होय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडून जात नाही. मज्जारज्जूच्या लगतच्या आणि चेहऱ्याच्या संवेदनेशी संबंधित अशा मज्जागंडिकांत तो वर्षानुवर्षे सुप्त राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे तो पुन्हा जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. नागीण झालेल्या माणसास ती त्या वेळी दुसऱ्या कोणापासून 'लागलेली' नसते; ती त्याच्या आतूनच निघालेली असते. शास्त्रीय मराठीत सर्रास वापरले जाणारे 'नागिणीची लागण झाली' हे वाक्य येथे चुकते आणि निरक्षर आजीचे 'नागीन निंगाली' हे वाक्य बरोबर ठरते.

३

लोकभाषेचा हा गुण सांगितला, म्हणजे तिचा दोषही सांगितला पाहिजे. एरवी ही समीक्षा न होता लोकभाषेची आरती होईल. क्रियापदाने जे कमावले ते नामाने गमावले आहे.

नाव सापाचे असल्याने सापाचे अवयव त्याच्या मागोमाग आले. नागिणीस तोंड आले, शेपूट आले. आणि तोंड शेपटीस भिडून विळखा पुरा झाला की रोगी दगावतो, ही समजूत महाराष्ट्रभर पसरली. ही समजूत शरीररचनेच्या विरुद्ध आहे. नागिणीचा पट्टा ज्या मज्जातंतूच्या क्षेत्रात उठतो तो तंतू शरीराच्या एकाच बाजूस संवेदना पुरवितो. मध्यरेषेपाशी त्याचे क्षेत्र संपते. म्हणून पट्टाही सामान्यतः तेथेच थांबतो. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेल्या रोग्याच्या अंगभर पुळ्या पसरू शकतात, आणि ती अवस्था गंभीर असते. परंतु तेथील धोका प्रतिकारशक्तीच्या अभावातून उद्भवतो, विळख्याच्या पूर्ततेतून नव्हे.

कोणी म्हणेल की, ही निरुपद्रवी समजूत आहे. भीतीमुळे माणूस लवकर उपचार तरी करून घेईल. अनुभव निराळा आहे. प्रस्तुत लेखकाच्या आत्याबाईंच्या कपाळावर, डाव्या बाजूस, पुळ्या उठल्या. त्या भुवईपर्यंत आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरल्या. घरात चर्चा झाली ती विळख्याची. पट्टा अर्धाच होता, मस्तकाभोवती फिरला नव्हता, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "तोंड शेपटीले भिडलं नाही, आता काई भेव नाही." लेप चालू होता, मंत्र चालू होता, आणि सर्वांचे लक्ष पट्ट्याच्या दोन टोकांकडे लागले होते. सहाव्या दिवशी डोळा उघडेनासा झाला तेव्हा त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. जीव वाचला, त्या डोळ्याची दृष्टी मात्र कायमची मंद झाली.

या घटनेत कोणी मूर्ख नव्हते आणि कोणी दुष्ट नव्हते. घरच्या माणसांनी रोगाकडे दुर्लक्ष केले नाही. त्यांनी रोगाच्या नावाने दाखविलेल्या ठिकाणी डोळ्यांत तेल घालून लक्ष दिले. धोका दुसरीकडे होता. कपाळावरील नागिणीत नाकाच्या शेंड्यावर पुळ्या दिसल्या, म्हणजे डोळ्याला उपसर्ग होण्याची शक्यता बळावते, कारण त्या दोन्ही स्थानी एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. असायक्लोव्हिरसारखी औषधे पुळ्या उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू केल्यास त्यांचा विशेष उपयोग होतो. रूपकाने भीती निर्माण केली यापेक्षा त्याने खोटा दिलासा दिला, ही गोष्ट अधिक घातक ठरली.

४

लोकभाषेची परीक्षा येथवर झाली. आता शास्त्रीय मराठीची परीक्षा करू. आणि तीस हाच निकष लावू. त्यासाठी प्रथम घटना काय आहे ती थोडक्यात मांडणे अवश्य आहे.

नागिणीच्या विषाणूचा एक निकटचा भाऊबंद म्हणजे ओठांवर पुळ्या आणणारा हर्पीज सिम्प्लेक्स विषाणू. प्रवेशाच्या प्रक्रियेचा सर्वाधिक अभ्यास याच विषाणूच्या आधारे झालेला असल्याने पुढील वर्णन मुख्यतः त्याचे आहे. या विषाणूची रचना थरांची असते. सर्वांत आत डीएनए. त्याभोवती प्रथिनांचे बहुपृष्ठी कवच. त्याबाहेर प्रथिनांचाच एक सैलसर थर. आणि सर्वांत बाहेर मेदद्रव्याचे पातळ पटल. या पटलात शर्करायुक्त प्रथिने रोवलेली असतात. ती 'जी' या अक्षराने ओळखली जातात: जी-बी, जी-सी, जी-डी, जी-एच, जी-एल इत्यादी. पेशीच्या पृष्ठभागाशी पहिली गाठ पडते ती यांचीच.

पहिली पायरी सैल चिकटण्याची. जी-सी आणि जी-बी ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करासाखळ्यांना चिकटतात. विषाणू प्रथम या साखळ्यांना चिकटतो, हे १९८९ साली वुडन आणि पॅट्रिशिया स्पीअर यांनी दाखवून दिले. ही चिकटण सुटू शकते. तीमुळे विषाणू केवळ पेशीच्या सान्निध्यात राहतो. दुसरी पायरी नेमक्या ओळखीची. जी-डी हे प्रथिन पेशीवरील ठराविक रेणूंपैकी एकास बांधले जाते. असा पहिला रेणू १९९६ साली स्पीअर यांच्याच प्रयोगशाळेत हाती लागला. १९९८ साली नेक्टिन-१ या रेणूचे हे कार्य उघडकीस आले. आणि विशिष्ट प्रकारे सल्फेटयुक्त झालेले हेपरान सल्फेटही जी-डीला बांधले जाते, हे १९९९ साली दीपक शुक्ला व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केले.

तिसरी पायरी सर्वांत उद्बोधक आहे. बांधले जाताच जी-डीचा स्वतःचा आकार पालटतो. त्याचे दुमडलेले टोक मोकळे होते. हा बदल जी-एच आणि जी-एल यांच्या जोडीपर्यंत पोहोचतो आणि ती जोडी जी-बीला प्रवृत्त करते. जी-बी हे प्रथिन ताणून अडकविलेल्या कमानीसारखे असते. अडकण सुटली की ते उलगडते, त्याची टोके पेशीच्या पटलात रुततात, आणि मग ते स्वतःवर दुमडून विषाणूचे पटल व पेशीचे पटल एकमेकांजवळ खेचते. अखेरीस ही दोन पटले एकरूप होतात. जी-बीची रचना २००६ साली एकातेरिना हेल्डवाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या एका अगदी निराळ्या कुळातील विषाणूच्या प्रथिनाशी तिचे विलक्षण साम्य आढळले. शब्दसंग्रह भिन्न आणि वाक्यरचना समान असलेल्या दोन भाषा पाहून भाषाभ्यासकास जसे आश्चर्य वाटावे, तसेच हे.

एवढ्याने प्रवेश पुरा होत नाही. कवच अजून अभंग असते. ते पेशीतील सूक्ष्मनलिकांच्या वाटेने, पेशीच्याच वाहक प्रथिनांच्या बळावर, केंद्रकापर्यंत नेले जाते आणि केंद्रकाच्या छिद्रातून आतील डीएनए आत सोडले जाते. शिवाय पटलांचे एकरूप होणे हे सर्व पेशींत एकाच ठिकाणी घडत नाही. काही पेशींत ते थेट पृष्ठभागावर घडते; काहींत पेशी प्रथम विषाणूस आपल्या पटलाच्या पुटिकेत आत घेते आणि मग त्या पुटिकेत ते घडते.

५

या प्रक्रियेचे वर्णन करणाऱ्या शालेय व लोकप्रिय लेखनाचे सार एका प्रातिनिधिक वाक्यात मांडावयाचे, तर ते असे होईल: 'विषाणू आपल्या आवरणावरील प्रथिनांच्या किल्लीने यजमान पेशीच्या ग्राहीचे कुलूप उघडून पेशीत प्रवेश करतो.' वाक्य प्रवाही आहे आणि विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहते. त्याचे घटक मात्र एकेक तपासले पाहिजेत.

'आवरण' हा शब्द घ्या. आपल्या लेखनात विषाणूच्या प्रथिनकवचासही 'आवरण' म्हणतात आणि बाहेरच्या मेदयुक्त पटलासही 'आवरण'च म्हणतात. या संदिग्धतेची किंमत २०२० च्या साथीत प्रत्ययास आली. साबणाने विषाणू का नष्ट होतो, याचे उत्तर त्याच्या मेदपटलात आहे. ज्या विषाणूंना असे पटल नसून केवळ प्रथिनकवच असते, त्यांच्यावर मद्यार्काचा परिणाम तुलनेने कमी होतो. दोन्हींस एकच नाव दिले, तर हा भेद सांगताच येत नाही. आतल्यास 'कवच' आणि बाहेरच्यास 'वेष्टन' असा विवेक पाळणे इष्ट होय. आणखी एक गोष्ट अशी की, आवरण म्हटले म्हणजे झाकणारी, निष्क्रिय वस्तू डोळ्यांपुढे येते. येथे तर बाहेरचे पटल हाच विषाणूचा सर्वांत कार्यक्षम भाग आहे. आणि तोही त्याचा स्वतःचा नाही. पूर्वीच्या पेशीतून बाहेर पडताना त्याने तो त्या पेशीच्याच पटलांतून घेतलेला असतो. म्हणूनच दोन पटले एकरूप होऊ शकतात. ती मुळात एकाच जातीची असतात.

'यजमान' हा शब्द त्याहून विचित्र आहे. यज्ञ करणारा, तोही स्वतःच्या फलासाठी, हा त्याचा मूळ अर्थ. पाहुण्याचे आदरातिथ्य करणारा गृहस्थ हा मराठीतील रूढ अर्थ. दोन्ही अर्थांत स्वेच्छा अनुस्यूत आहे. पेशीने येथे ना यज्ञ मांडला आहे, ना आमंत्रण धाडले आहे. शब्द रूढ झाला आहे, तो आता टाकून देता येणार नाही. परंतु अध्यापकाने तो उच्चारताना ही स्वेच्छेची छटा काढून टाकणे अगत्याचे आहे.

'ग्राही' या शब्दाने वेगळाच भ्रम होतो. नेक्टिन-१ हा रेणू शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवण्यासाठी असतो. १९९६ साली सापडलेला रेणू प्रतिकारसंस्थेतील संदेशवहनाचे काम करतो. विषाणूस ग्रहण करणे हे दोहोंपैकी कोणाचेही काम नाही. तरीही त्या दुसऱ्या रेणूचे इंग्रजी नाव 'हर्पीजविषाणूच्या प्रवेशाचा मध्यस्थ' अशा अर्थाचे आहे. घराच्या खिडकीस तीतून शिरलेल्या चोराचे नाव द्यावे, तसा हा प्रकार झाला. नाव शोधाच्या क्रमाने पडते, कार्याच्या क्रमाने नव्हे, हे यातून दिसते.

आणि मग कुलूप-किल्ली. हे रूपक एमिल फिशर यांनी १८९४ साली विकरांच्या संदर्भात योजिले. ओळखीच्या पायरीपुरते, म्हणजे जी-डी आणि नेक्टिन यांच्या बांधणीपुरते, ते चालण्यासारखे आहे. परंतु किल्ली कुलपात शिरल्यावर स्वतःचा आकार पालटीत नाही, जी-डी पालटते. किल्ली फिरविणारा हात आणि किल्ली ही दोन असतात. येथे हातच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे कोणतेही दार उघडत नाही. दोन भिंती एकमेकींत मिसळून एक होतात. पाण्यावर तरंगणारे तेलाचे दोन थेंब जवळ आणले असता एक होतात, ही उपमा त्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. तीही पुरी नाही. थेंब आपोआप मिसळतात, पटले मात्र आपोआप मिसळत नाहीत, आणि म्हणूनच जी-बीची गरज पडते.

रूपकाची ही मर्यादा केवळ साहित्यिक नव्हे. कुलूप-किल्लीच्या चित्रावरून सहज असे वाटेल की, किल्लीस अडवणारी प्रतिद्रव्ये निर्माण केली की काम भागले. जी-डी या एकाच प्रथिनावर आधारलेल्या लशीची मोठी चाचणी स्त्रियांमध्ये घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. हर्पीज सिम्प्लेक्सच्या दुसऱ्या प्रकारापासून ती संरक्षण देऊ शकली नाही. उलट नागिणीच्या विषाणूस जी-डी हे प्रथिनच नसते, आणि त्याच्या जी-ई या एकाच वेष्टन-प्रथिनापासून, प्रतिकारशक्ती चेतविणारे द्रव्य जोडीस देऊन, तयार केलेली लस अतिशय परिणामकारक ठरली. ती २०१७ साली अमेरिकेत मान्य झाली आणि २०२३ पासून भारतात उपलब्ध झाली. एका कुळातील दोन विषाणूंचे वर्तन जेथे असे भिन्न, तेथे एकच चित्र सर्वांस लावणे धोक्याचे होय.

६

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. 'विषाणू शिरतो' या वाक्यात कर्ता कोण? पाणिनीच्या व्यवस्थेत क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया सिद्ध होण्यास जे सर्वाधिक उपकारक ते करण. मराठीत मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त कारकविचार विस्ताराने केला, तेव्हापासून हा विचार आपल्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. तो येथे लावून पाहिला, तर विषाणू हा स्वतंत्र कर्ता ठरत नाही. त्यास स्वतःची ऊर्जा नाही, स्वतःची गती नाही. पटले जवळ आणण्याचे बळ जी-बीच्या आकारबदलातून येते. कवच केंद्रकापर्यंत नेण्याचे बळ पेशीच्या वाहक प्रथिनांचे असते. पुटिकेत आत घेण्याची क्रिया तर सर्वस्वी पेशीची असते.

याचा अर्थ 'शिरणे' हे क्रियापद वर्ज्य करावे असा नव्हे. 'काटा पायात शिरला' असे आपण म्हणतो, तेव्हा काट्यास इच्छा असते असे कोणी मानीत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा 'शिरतो' या एका क्रियापदात पाच क्रिया दडपल्या जातात आणि वाचकास वाटते की आपणास समजले. त्या क्रिया वेगळ्या करून पाहा: 'विषाणू पेशीच्या शर्करासाखळ्यांना चिकटतो, त्याचे जी-डी पेशीच्या रेणूस बांधले जाऊन आकार पालटते, त्या बदलाने प्रवृत्त होऊन जी-एच व जी-एल ही जोडी जी-बीला उलगडावयास लावते, जी-बी दोन्ही पटलांना जवळ ओढून एकरूप करते, आणि उघडे पडलेले कवच पेशीची प्रथिने केंद्रकाकडे नेतात.' या वाक्यात एकही अवघड प्रतिशब्द नाही. चिकटणे, बांधले जाणे, पालटणे, उलगडणे, ओढणे, नेणे ही सारी घरातली क्रियापदे आहेत. कर्ता प्रत्येक उपवाक्यात बदलतो, आणि तो बदलणे हेच येथील सत्य आहे.

मराठीचे सामर्थ्य येथे ध्यानात येते. 'ऊन' प्रत्ययान्त धातुसाधितांची साखळी पूर्वापर क्रम दाखविते. 'बांधले जाणे' हा कर्मणी प्रयोग खोटा कर्ता टाळतो. 'उलगडावयास लावणे' ही प्रयोजक रचना एका प्रथिनाने दुसऱ्यास प्रवृत्त करणे नेमके सांगते. शास्त्र मराठीत सांगता येत नाही, ही तक्रार करणारे बहुधा शब्दकोशात नाम शोधीत असतात. त्यांनी व्याकरणात क्रियापद शोधावे.

७

शेवटी, या चर्चेचे प्रयोजन वर्गाच्या चार भिंतींपुरते नाही, हे दाखविणारे एक अलीकडचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. थोड्याच दिवसांत कित्येकांना टक्कल पडले. पाहता पाहता त्यास 'टक्कल व्हायरस' हे नाव मिळाले. ते वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर झळकले. पुढे पाणी, त्वचा, रक्त यांची तपासणी झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक आले. आणि शोधाचा रोख सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरेकाकडे वळला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार मोठे असल्याचे मांडले. ज्याचे नाव घराघरांत पोहोचले तो विषाणू तेथे नव्हताच.

'व्हायरस' या लॅटिन शब्दाचा अर्थ विष असा आहे, आणि संस्कृत 'विष' हा त्याचा सगोत्र शब्द. एका परीने लोकांनी त्या शब्दास त्याच्या मूळ अर्थावर आणून सोडले, असे कोणी विनोदाने म्हणेल. परंतु परिणाम विनोदाचा नाही. 'व्हायरस' म्हटला की संसर्ग आला. संसर्ग म्हटला की माणूस माणसापासून दूर सरतो आणि अन्नाकडे, पाण्याकडे संशयाने पाहावयाचे राहून जाते. चिकटल्यावाचून, पेशीच्या यंत्रणेत वाढल्यावाचून विषाणू काहीही करू शकत नाही, ही क्रियापदे ज्याच्या मनात स्पष्ट आहेत, तो 'टक्कल व्हायरस' हे नाव ऐकताच विचारील: हा कोठून आला, कशास चिकटतो, एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो? ज्याच्या मनात केवळ नाम आहे, तो फक्त घाबरेल.

आत्याबाईंच्या घरी नाम होते. त्या नामाने लक्ष विळख्याकडे वळविले. बोंडगावातही नाम होते. त्या नामाने लक्ष संसर्गाकडे वळविले. दोन्हीकडे प्रश्न विचारणारे क्रियापद नव्हते. ते पुरविणे हे भाषेच्या आणि जीवशास्त्राच्या अध्यापकांचे समाईक काम आहे. त्यासाठी नवा कोश रचण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात 'विषाणू पेशीत शिरतो' हे वाक्य फळ्यावर लिहावे, आणि विद्यार्थ्यांस त्यातील कर्ता कोण, करण कोणते, अपादान कोणते, हे विचारावे. उत्तर देताना त्यांना जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे लागेल. आणि त्यांच्या घरी कोणाच्या कपाळावर पुळ्या उठल्या, तर तोंड व शेपूट यांचा विचार न करता ते त्याच दिवशी डॉक्टरांकडे जातील, एवढी अपेक्षा या विवेचनातून ठेवणे अवाजवी होणार नाही.